होडी कोरड्यात अन् मोल वर

उजनी धरणात बुडालेल्या पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं, की आमच्या माहेरी कुणाला ना कुणाला होडी घ्यायची हुक्की येते. यंदाही आली. मी बारामतीत, स्वयंपाकघरात, कैरीच्या फोडींना मीठ लावत होते, आणि दादाचा फोन वाजला. "रविवारी होडी बघायला जायचं हाय. येतीस का? आवंदा आक्कापण येणार हाय." मिठाचे हात तसेच धरून मी उभी राहिले. जिच्यासाठी होडी घ्यायची ती बघायला येणार, हे माझा भाऊ मला नवी बातमी म्हणून सांगत होता! आणि वाईट असं, की ती बातमी खरोखरच नवी होती.

फोनवर मी नुसतं "येते" म्हटलं. फोडी मात्र इतक्या जोरात चोळल्या, की लेक म्हणाली, "आई, त्यांनी काय केलंय तुझं?" फोडींनी काही केलं नव्हतं.

आमच्याकडचा उन्हाळा पाणी उतरण्याचा असतो. बाकीच्या गावांना तो आभाळातून कळतो, आम्हाला पायाखालून. उजनीचं पाणी काठ सोडून आत जायला लागलं, की मागे काळा, मऊ, गुडघ्याएवढा गाळ राहतो. त्याला माशांचा, शेवाळाचा आणि कुजक्या बाभळीचा मिळून एक वास असतो. पाहुण्यांना तो घाण वाटतो, आम्हाला माहेरचा. मग वरचा गाळ सुकतो, त्याला भेगा पडतात, आणि धीट माणसं त्यात काकडी, कलिंगड टाकतात. ह्या शेतीला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. अग्निपंखांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उथळ पाण्यात माना घालून उभे असतात, आणि पुण्याकडच्या गाड्या त्यांना बघायला येतात. मधूनच साखर कारखान्याकडून मळीचा गोडूस, आंबूस झोत येतो. ह्या सगळ्याचा एकत्र वास आला, की मला तो एकच उन्हाळा आठवतो. लाल होडीचा. आठवला की अजूनही कानशिलं तापतात.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालन. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय राहिला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असतो, त्यामुळं चालताना गुडघा वाकत नाही. पण चालण्यात ती कुणाला हार जात नाही. ती पलीकडच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत शिकवते. वस्ती आमच्याच गावाची, पण मध्ये धरणाच्या पाण्याचा एक फाटा शिरलेला. रस्त्यानं जायचं तर सगळा फाटा वळसा घालून, आणि पाण्यातून गेलं तर वस्तीतल्या कोंबड्याचं आरवणं आमच्या अंगणात ऐकू येतं. म्हणून ती मासेमाऱ्यांच्या होडीतून ये-जा करायची. माणसं चांगली होती, कधी नाही म्हणाली नाहीत. होडीजवळ गेली, की दोघं जण पुढं व्हायचे, तिच्या काखेत हात घालायचे आणि पोतं टाकावं तसं तिला उचलून आत ठेवायचे. पलीकडं गेलं की पुन्हा तसंच बाहेर. साडीचा पदर कुठं, पिशवी कुठं. तिकडं काठावर तिचीच पोरं रांगेनं उभी असायची, "बाई आल्या, बाई आल्या" करत. त्या पोरांच्या देखत उचलून ठेवलेली बाई मग त्यांना शिस्तीत बसा म्हणून सांगायची.

ती घरी ह्याबद्दल बोलायची नाही. एकदाच मला म्हणाली होती, "काखंत हात घातला की मला पुना पाच वर्साची झाल्यागत वाटतं." तेव्हा ती चाळिशीला आलेली होती.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं की घरची मोटरहोडी घ्यायची. आक्काची सोय होईल आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना पक्षी दाखवता येतील. विचार उत्तम होता. नवी होडी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी बघायची ठरली, आणि इथून पुढं सगळं बिघडलं. कारण होडी बघायला कोण जाणार? तात्या. आबांचे चुलतभाऊ. तात्यांची ख्याती बैल पारखण्यात. बैलाचे दात बघून, पाठीवर थाप मारून, चार पावलं चालवून ते त्याचं सगळं चरित्र सांगत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी तात्यांचा मान तसाच राहिला. पंचक्रोशीत कुणी जुना ट्रॅक्टर घेवो, पंप घेवो, नाहीतर जावई घेवो, तात्या पुढं. होडीत ते जन्मात दोनदा बसले असतील आणि दोन्ही वेळा डोळे मिटून.

पहिली होडी बारामतीजवळ एका शेठच्या फार्महाऊसवर होती. माझं सासर जवळ, म्हणून मीही गेले. ताडपत्री ओढली आणि आमचे पुरुष हरखूनच गेले. लांबसडक, लालभडक, पुढच्या अंगाला सागवानी फळ्या, त्यांवर पॉलिश. जुन्या मोटारीसारखं चाक, समोर काच, लाल रेक्झिनच्या गाद्या, आणि चांदीसारखा चमकणारा भोंगा. जुन्या हिंदी सिनेमात नायक-नायिका बसतात तसली. मुंबईच्या खाडीत कुणी हौसेनं बाळगलेली, मग शेठनं हौसेनं आणलेली, मग हौस फिटलेली. दादानं भोंगा वाजवला आणि फार्महाऊसवरचे मोर केकाटले. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की सौदा झाला.

तात्यांनी होडीला प्रदक्षिणा घातली. कुशीवर थाप मारली. इंजिनाचं झाकण उघडून बैलाच्या जबड्यात बघावं तसं आत बघितलं. शेठच्या माणसानं पाण्याची नळी लावून इंजिन चालू केलं, निळा धूर निघाला. तात्या म्हणाले, "आवाज ठणठणीत हाय." आतल्या तळाच्या फळीवर मी पाय ठेवला तर ती ओल्या भाकरीसारखी दबली. मी म्हटलं, "तात्या, हे मऊ लागतंय." तर म्हणाले, "पोरी, वय झालंय तिचं. पर जातिवंत हाय, जातिवंत!"

मग तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. बैलबाजारात सौदा चारचौघांत बोलून करत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटं दाबून भाव सांगतात. तात्यांनी शेठच्या गॉगलवाल्या माणसाचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबायला लागले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय. त्यानं दुसऱ्या हातानं तात्यांना धरलं आणि "पाणी आणा, पाणी आणा" म्हणून ओरडला. मीही पोट धरून हसले. पण राग यायचा तो घरी परतताना आला. पाण्यात म्हैस आणि वर मोल, असं आपण वेड्या माणसाला हसतो. म्हैस निदान पाण्यात तरी असते. इथं होडी कोरड्यात होती, आणि ती पाण्यात घालून बघू असं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

दुसरी होडी इंदापूरला होती. अंथुर्ण्यावरून जाताना दुतर्फा तुटलेल्या उसाची पाचट वाळत पडलेली, गरम वारं अंगावर. ह्या खेपेला आक्का आमच्या गाडीत होती, कारण तिला इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात बुटाचा पट्टा बदलून घ्यायचा होता. होडी बघायला म्हणून तिला कुणी आणलं नव्हतं. एका वेल्डिंगच्या दुकानामागं ती होडी पडलेली. कोकणातल्या कुठल्याशा तरीवर, माणसं खाडीपलीकडं पोचवायला राबलेली. रुंद, बसकी, विटलेल्या निळ्या रंगाची. सावलीला शेळ्या बसलेल्या. इंजिन मागच्या फळीला टांगायचं. दुकानदारानं त्याचा पंखा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून चालवून दाखवला, पाणी दुधासारखं उतू गेलं. तात्यांनी लांबूनच नाक मुरडलं. "ही म्हंजे भाकड म्हस."

पुरुष ड्रमभोवती जमले होते, तेवढ्यात मी बघितलं, आक्का गाडीतून उतरून होडीपाशी गेली होती. शेळ्यांना तिनं हुसकलं. होडीच्या कडेला हात लावला. कड तिच्या कमरेच्याही खाली होती आणि वर बसायला पुरेल इतकी रुंद. ती कडेवर बसली, अंगणातल्या ओट्यावर बसावं तशी. मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलला, आत टाकला. उजवा त्याच्या मागं गेला. आणि ती उभी राहिली. होडीत. एकटी. तिनं पदर नीट केला, त्याची गरज नव्हती, तो ढळलाच नव्हता. मला ते दृश्य आजही जसंच्या तसं दिसतं, शेळ्यांच्या लेंड्यांसकट.

परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "मला ती निळी जमंल."

दादा पुढून हसत म्हणाला, "आक्का, तुला कशाला गं काळजी? आमी उचलून घिऊ की!"

किती प्रेमानं म्हणाला! त्याचाच तर संताप येतो. दादा दुष्ट असता तर भांडता आलं असतं. तो जीव लावणारा भाऊ आहे, आक्कासाठी रात्री-बेरात्री धावलेला आहे. पण त्याला वाटतं, उचलून घेतलं की झालं. उचलणाऱ्याचे हात दुखत नाहीत ना, मग उचलून घेतली जाणारीला काय दुखणार? मी गाडीत आरडाओरडा केला. होडी कुणासाठी घेताय, तिला विचारलंत का, ती काय म्हणाली ते ऐकलंत का. आबा म्हणाले, "तू सासरची, तुझं काय हितं?" तात्या म्हणाले, "बाईमाणसाला होडीतलं काय कळतंय?" जसं तात्यांनी समुद्रच पालथा घातला होता. आक्का खिडकीतून बाहेर बघत होती. 

लाल होडी आली. हार घातले, नारळ फोडला, तात्यांनी कपाळाला गुलाल लावतात तसा पुढच्या सागवानी फळीला गुलाल लावला. मग ती पाण्यात घातली, आणि तिचे एकेक गुण बाहेर पडायला लागले. ती खोल पाण्याची होडी. तळ सुरीसारखा धारदार. आमच्या उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात ती काठाला येईना, लांबच गाळात रुतून तिरकी व्हायची. म्हणजे गुडघाभर गाळ तुडवत तिच्यापर्यंत जायचं, आणि छातीएवढी उंच बाजू चढायची. शिडी होती, ती मागं, इंजिनाच्या पंख्यापाशी. भोंगा वाजवायची गरजच नव्हती, इंजिन सुरू झालं की पलीकडच्या जिल्ह्यापर्यंत ऐकू जायचं. पुण्याची पाहुणेमंडळी दुर्बिणी सरसावून बसायची, आणि सगळे अग्निपंख गुलाबी ढगासारखे उठून लांब जाऊन बसायचे. पक्षी दाखवायला घेतलेली होडी पक्षी हाकलायच्या कामाची निघाली. पाहुणे तरी बरे, ते म्हणाले, "उडतानाचे फोटो छान आले."

आणि आक्का? पहिल्याच दिवशी सगळ्या गावादेखत दादानं आणि शेजाऱ्यानं तिच्या काखेत हात घातले, "हां, उचल, एक, दोन," आणि ती त्या लाल गादीवर जाऊन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुकानं वाजवल्या. तिनं मान वर केली नाही. पूर्वी परकी माणसं उचलायची, आता घरची उचलायला लागली, एवढाच काय तो फरक पडला.

अशा कितीतरी उन्हाळ्यांत मी ते बघितलं. माहेरी गेले की बांधावर बसायचे आणि रागानं गवताच्या काड्या मोडायचे. मी म्हणते, ह्या देशात पायरी बांधताना कुणी पाय विचारतं का? एसटीची पहिली पायरी कुणाच्या गुडघ्याच्या मापानं ठेवतात? शाळेला उतार करतात, त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लावतात. बैल घेताना बैलाला जू बसतंय का ते चारदा बघतात आमचे लोक. बाई घेऊन जाणाऱ्या होडीत बाईला बसता येतंय का, हे बघायला वेळ नसतो. आणि बोललं की म्हणतात, हिची जीभ फार चालते. चालते! तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

ती निळी होडी पलीकडच्या काठावरच्या कुणीतरी घेतली. उन्हाळ्यात ती आमच्या समोरून जायची, कलिंगडं, माणसं, सायकली भरून. आक्का हातातलं काम थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. मी काही बोलले की म्हणायची, "जाऊ दे गं."

मग गेल्या वर्षी आबा गोठ्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. आबांचा एक नेम होता. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा ते तरणेबांड होते. देऊळ उघडं पडलं की दर उन्हाळ्यात होडीनं तिथं जायचं, देवाला पाणी घालायचं आणि आपली गल्ली कुठून कुठं जायची ते आम्हाला काठीनं दाखवायचं. गेल्या उन्हाळ्यातही ते हट्टानं निघाले. लाल होडी नेहमीसारखी लांब गाळात तिरकी उभी. दादा म्हणाला, "आबा, तुमी कशाला काळजी करता? आमी उचलून घिऊ की." काखेत हात घातले. उचलताना धोतर सुटलं. कडेला सहलीची पोरं मोबाईल धरून उभी होती. आबा गादीवर बसले, देवळापर्यंत गेले, पण उतरले नाहीत. लांबूनच हात जोडले. घरी आल्यावर भाकरी न खाताच म्हणाले, "ती होडी इकून टाका."

सगळ्यांना आबांची दया आली. मलाही आली, बाप आहे माझा. पण त्याच्या दुप्पट राग आला. आक्काचा पाय जन्मभराचा आणि आबांचा खुबा चार महिन्यांचा. तिनं तोंडानं सांगितलं ते घरात कुणाला ऐकू गेलं नाही. ह्यांचं धोतर सुटलं तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं! मी हे आबांच्या तोंडावर बोलले. आबांनी वॉकरच्या दांडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "खरं हाय तुझं. फुडच्या येळंला शालीला घिऊन जावा."

म्हणून ह्या रविवारचा फोन. दादानं आधी त्या निळ्या होडीच्या मालकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ती न्हाय इकायची." चांगली वस्तू कोण विकेल? भिगवणच्या अंगाला दोन जुन्या होड्या होत्या, एक पांढरी, एक हिरवी. दोन्ही काठावर कोरड्यात, धुऊन-पुसून ठेवलेल्या. तात्याही आले होते. आता ऐंशीच्या घरात, उपरणं तेच. ते थाप मारायला पुढं झाले, तर आक्का म्हणाली, "तात्या, थांबा. आधी पाण्यात घाला म्हणावं. कोरड्यात समद्याच होड्या चांगल्या."

होड्या पाण्यात घातल्या. आम्ही वाट बघत होतो की आक्का आता चढेल. पण ती चढली नाही. तिनं दादाला बोलावलं. "बस खाली. डावा पाय लांब कर." बांबूची एक कामटी पडली होती, ती त्याच्या पायाला मागून लावली. "तात्या, तुमचं उपरणं द्या." तात्यांनी मुकाट्यानं दिलं. तिनं गुडघ्यावर ते गच्च आवळून बांधलं. "आता चढ. पाय वाकवायचा न्हाय. आन् कुणी हात लावायचा न्हाय."

दादा हसत हसत गेला. पांढरीच्या कडेला त्यानं पोट लावलं, हात टाकले, घसरला, गाळात बसला. हसू तिथंच संपलं. पुन्हा उठला, पुन्हा घसरला. मालक धावला, तर आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." माझा बावन्न वर्षांचा भाऊ गाळात माखून होडीची कड धरून उभा होता, आणि वर बघत होता, आक्काकडं.  मग सरळ ठेवलेला पाय ओढत हिरवीकडं गेला. तिची कड खाली होती, तिच्यावर बसला, हातांनी पाय उचलून आत टाकला. आत उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "हीच," तो म्हणाला. आक्का म्हणाली, "इंजिन बघ आता. ते तुला कळतंय."

हिरवी होडी दिसायला गचाळ आहे. रंगाचे पोपडे आहेत. तात्या अजून तिला म्हैसच म्हणतात, पण आता दुभती.

परवा आबांना देवळात न्यायचं ठरलं. होडी काठाला अगदी टेकलेली. आक्का कडेवर बसली, पाय उचलला, आत गेली, फळीवर ऐसपैस बसली. आबा वॉकर टेकत आले. कडेशी पोचले आणि गेल्या वर्षीसारखं, कुणी काही म्हणायच्या आत, त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले आणि डोळे मिटून घेतले, उचलून घ्या म्हणून. मला रडू आलं. आक्का आतून उठली, त्यांच्यासमोर आली आणि तिनं आपला हात पुढं केला.

"आबा, डोळं उघडा. कडंवर बसा, सावकाश. हात धरा माझा. काखंत धरत न्हाय मी कुणाला."